लसीच्या वाटेवरच्या बायका



आजच्या भागात आपण पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल आणि त्यावरच्या लसीबद्दल बोलणार आहोत. डॉक्टर त्याला गर्भाशयमुखाचा कर्करोग म्हणतात. आपण बैठकीत नुसतं 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतो, आणि तेही हळू आवाजात.

लस कुणी घ्यायची, कधी घ्यायची, हे मी शेवटी सांगणार आहेच. त्याआधी मला या लसीचा इतिहास सांगायचा आहे. त्याचं कारण असं, की गटाच्या बैठकीत लसीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, ही लस आली कुठून? आमच्या पोरींवर प्रयोग तर करत नाहीत ना?" हा प्रश्न रास्त आहे. 'तसं काही नसतं गं' म्हणून तो उडवून लावणं बरोबर नाही. कारण या इतिहासात बायकांनी आपल्या मर्जीने दिलेलं खूप काही आहे, आणि त्यांना न विचारता घेतलेलंही आहे. दोन्ही माहीत असलं, की आपण लेकीसाठी हो म्हणायचं की नाही हे नीट ठरवू शकतो.

आधी आजार समजून घेऊ. गर्भपिशवीचं तोंड खाली योनीमार्गात उघडतं. तिथल्या पेशींमध्ये काही बायकांना हळूहळू बदल होऊ लागतो. त्या बदलाचा कॅन्सर व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षं लागतात. इतकी वर्षं ना दुखत ना खुपत, म्हणून बाईला कळत नाही. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त जाणं, अंगावरून घाण वासाचं पाणी जाणं, ही लक्षणं दिसतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर झाला आणि ७९ हजारांच्या वर बायका त्याने गेल्या. भारतातल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरखालोखाल याचाच नंबर लागतो.

मठातल्या बायका आणि संसारी बायका

ही गोष्ट सुरू होते इटलीतल्या व्हेरोना नावाच्या गावात. रिगोनी-स्टर्न नावाच्या एका डॉक्टरांनी १७६० ते १८३९ या ८० वर्षांतल्या मृत्यूच्या नोंदी काढल्या आणि कोण कशाने गेलं ते मोजलं. १८४२ मध्ये त्यांनी ते मांडलं. त्यांच्या लक्षात आलं, की पिशवीच्या कॅन्सरने गेलेल्या बायका बहुतेक लग्न झालेल्या किंवा विधवा होत्या. ख्रिस्ती मठात राहणाऱ्या, लग्न न केलेल्या ननमध्ये हा आजार जवळजवळ दिसत नव्हता.

म्हणजे या आजाराचा नवरा-बायकोच्या संबंधाशी काहीतरी धागा आहे, एवढं पावणेदोनशे वर्षांपूर्वी दिसलं. धागा नेमका कोणता, हे कळायला मात्र पुढे जवळजवळ दीडशे वर्षं गेली. मधल्या काळात लोकांनी आपापला अर्थ लावला आणि आजार बाईच्या वागणुकीशी जोडला गेला. आजही आपल्याकडे एखादीला हा कॅन्सर झाला की कुजबुज होते. म्हणून हे इथेच सांगून ठेवते. ज्या विषाणूमुळे हा आजार होतो तो इतका पसरलेला आहे, की संसार करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईला आणि पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होते. ज्या बाईचा आयुष्यभर एकच नवरा, तिलाही होते. बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला आपोआप घालवून टाकतं. काही जणींमध्ये तो ठाण मांडून बसतो आणि पुढे त्रास देतो. यात बाईच्या चारित्र्याचा काही संबंध नाही.

रोज नमुना देणारी मेरी

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. ग्रीस देशातून जॉर्ज पापानिकोलाउ नावाचा तरुण डॉक्टर आणि त्याची बायको आंद्रोमाखी १९१३ मध्ये न्यूयॉर्कला आले. तिला सगळे मेरी म्हणत. हातात पैसा नव्हता, भाषा येत नव्हती. तिने एका मोठ्या दुकानात बटणं शिवायचं काम धरलं, त्याने गालिचे विकले. पुढे त्याला प्रयोगशाळेत काम मिळालं आणि तीही त्याच्या शेजारी बसून तिथलं काम करू लागली. तिला त्याचा पगार नव्हता.

पापानिकोलाउंना बाईच्या पिशवीच्या तोंडाजवळच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या होत्या. रोज नमुना कोण देणार? मेरीने दिला. एक-दोन महिने नाही, सुमारे २१ वर्षं. निरोगी बाईच्या पेशी कशा दिसतात आणि पाळीच्या दिवसांप्रमाणे कशा बदलतात, हे तिच्यामुळे कळलं. निरोगी कसं दिसतं हे माहीत झालं, तेव्हा बिघडलेलं ओळखता आलं. १९२८ मध्ये पापानिकोलाउंनी सांगितलं, की नुसत्या पेशी पाहून कॅन्सर ओळखता येतो. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९४१ मध्ये डॉ. ट्राउट यांच्यासोबत त्यांनी पुन्हा पुराव्यानिशी मांडलं, तेव्हा डॉक्टर लोकांना पटलं. त्या तपासणीला पापानिकोलाउंच्या नावावरून 'पॅप' तपासणी म्हणतात. जिथे ती नेमाने झाली, त्या देशांत या कॅन्सरचे मृत्यू खूप खाली आले. मेरीचं नाव मात्र तपासणीला नाही.

जिला कुणी विचारलं नाही ती हेन्रिएटा

तिसरी बाई हेन्रिएटा लॅक्स. तीही अमेरिकेतली, काळ्या समाजातली. तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या घरात वाढलेली. वय ३०, पदरात पाच मुलं, धाकटं अजून तान्हं. १९५१ च्या जानेवारी महिन्यात ती बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. पोटात गाठ लागतेय, असं ती सांगत होती. तिथे काळ्या लोकांचे वॉर्ड वेगळे होते. तपासणीत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला.

उपचार करताना डॉक्टरांनी तिच्या गाठीचा एक तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला. तिला विचारलं नाही, सांगितलंही नाही. तोवर माणसाच्या पेशी शरीराबाहेर फार दिवस टिकत नसत. हेन्रिएटाच्या पेशी टिकल्या आणि वाढतच राहिल्या. तिच्या नावाची अक्षरं घेऊन त्यांना 'हेला' पेशी म्हणतात. त्या जगभरच्या प्रयोगशाळांत गेल्या. पोलिओची लस तपासायलाही त्याच वापरल्या. म्हणजे आपल्या लेकरांच्या तोंडात जे दोन थेंब पडले, त्यांच्या वाटेवरही ही बाई आहे.

ती स्वतः ४ ऑक्टोबर १९५१ रोजी गेली. तिच्या नवऱ्याला आणि मुलांना वीसेक वर्षं या पेशींचा पत्ता नव्हता. तिच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता, तो २०१० मध्ये बसला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचा सन्मान केला, तो तिच्या म्हाताऱ्या झालेल्या मुलाने स्वीकारला. तिच्या पेशींतून कंपन्यांनी पैसा केला म्हणून घरच्यांनी एका कंपनीवर दावा लावला. त्यात २०२३ मध्ये तडजोड झाली.

आता पुढचा धागा बघा. जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउसेन नावाचे शास्त्रज्ञ म्हणत होते, की हा कॅन्सर चामखिळीच्या जातीतल्या एका विषाणूमुळे होतो. त्या काळी बाकीच्यांचा संशय वेगळ्याच विषाणूवर होता, त्यामुळे यांचं कुणी ऐकेना. या विषाणूचं लांबलचक नाव थोडक्यात 'एचपीव्ही' असं घेतात. त्याचे शंभराच्या वर प्रकार आहेत आणि त्यांना नंबर दिलेले आहेत. त्सुर हाउसेन यांच्या गटाला १९८३ मध्ये कॅन्सरच्या गाठीत १६ नंबरचा विषाणू सापडला आणि १९८४ मध्ये १८ नंबरचा. मग त्यांनी हेन्रिएटाच्या पेशी तपासल्या, तर त्यातही १८ नंबरचा निघाला. ती ज्या आजाराने गेली त्याचं कारण तीस-बत्तीस वर्षांनी तिच्याच पेशींनी सांगितलं. शंभरातले सत्तर पिशवीच्या तोंडाचे कॅन्सर या दोन प्रकारांमुळे होतात. या शोधाला २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

पोचट शेंगेसारखी लस

कारण कळलं, पण लस करायला अडचण होती. हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवणं फार अवघड. शिवाय ज्याच्यामुळे कॅन्सर होतो तो खरा विषाणू लसीतून कुणी देणार नाही. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात डॉ. इयान फ्रेझर आणि चीनमधून आलेले डॉ. जियान झोउ यांनी वाट काढली. झोउ यांची पत्नी शियाओ-यी सुन याही प्रयोगशाळेत हे काम करत होत्या. त्यांनी विषाणूचं फक्त वरचं टरफल तयार केलं. आत बी नाही. आपण पोचट शेंग म्हणतो ना, तसं. पोचट शेंग पेरली तर उगवत नाही, तशी या टरफलापासून लागण होऊ शकत नाही. पण शरीर ते टरफल ओळखून ठेवतं, आणि खरा विषाणू आला की त्याला शिरू देत नाही.

गटातल्या आयाबहिणी विचारतात, "लस घेतल्यावर पोरीला मूल होईल ना?" होईल. या लसीत जिवंत विषाणू नाही आणि तिचा पाळीशी किंवा मूल होण्याशी संबंध नाही. उलट कॅन्सर झाला तर पिशवी काढावी लागते. मग मूल कुठलं?

झोउ यांना लस बाजारात आलेली बघायला मिळाली नाही, ते १९९९ मध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी वारले. २००६ मध्ये पहिली लस आली. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाने देशभर मुलींना शाळेतून ती द्यायला सुरुवात केली आणि २०१३ पासून मुलग्यांनाही, कारण विषाणू पुरुषांकडूनही पसरतो. इंग्लंडमध्ये बारा-तेरा वर्षांच्या असताना ज्या मुलींसाठी लस आली, त्यांच्यात हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये दिसलं. स्कॉटलंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींपैकी एकीलाही हा कॅन्सर झाल्याचं नोंदींत आढळलं नाही, असं २०२४ मध्ये तिथल्या अभ्यासात छापून आलं.

बार्शी आणि धाराशिवच्या बायका

आता आपल्या घरी येऊ. या इतिहासात आपल्या गावच्या बायका आहेत, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये खेड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवायला सुरुवात झाली. ग्रामीण भागासाठी असं काम भारतात पहिल्यांदा तिथे झालं. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावागावांत कार्यकर्ते जायचे, कुणाला कॅन्सर झाला, कोण कशाने गेलं, ते लिहून घ्यायचे. त्यातून दिसलं, की या भागातल्या बायकांना सगळ्यात जास्त गाठतो तो पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर.

पुढे १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. डॉ. शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. नेने त्यात पुढे होते. गावांचे ५२ समूह केले. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. त्यांचे चार भाग केले. एका भागातल्या बायकांची विषाणूची तपासणी केली, दुसऱ्या भागात पॅप, तिसऱ्या भागात व्हिनेगर लावून पाहायची तपासणी, आणि चौथ्या भागातल्या बायकांना माहिती दिली, तपासणी केली नाही.

आठ वर्षांनी मोजलं. विषाणूची तपासणी झालेल्या भागात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या होत्या. तपासणी न झालेल्या भागात ६४. दोन्ही भागांत बायका साधारण सारख्याच, तीस-चौतीस हजार. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. २००९ मध्ये हे अमेरिकेतल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्यावरून आपले नियम ठरवले. ज्वारी काढणाऱ्या, जळण आणणाऱ्या आपल्या मराठवाड्याच्या बायकांनी हा पुरावा जगाला दिला.

पण चौथ्या भागातल्या बायकांचं काय? तपासणीने जीव वाचतो हे डॉक्टरांना माहीत असताना काही बायकांना तपासायचंच नाही, हे योग्य होतं का, असा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला. करणाऱ्यांचं म्हणणं होतं, की त्या वेळी खेड्यातल्या बाईला कुठेच तपासणी मिळत नव्हती, आम्ही तिचं काही काढून घेतलं नाही. दोन्ही बाजू तुमच्यासमोर ठेवते. ६४ हा आकडा ऐकताना मात्र त्या ६४ जणी आपल्यासारख्याच घरच्या कर्त्या बायका होत्या, हे विसरू नका.

खम्ममच्या मुली

'प्रयोग करतात' ही भीती आपल्याकडे कुठून आली, ते आता सांगते. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या, आता तेलंगणात असलेल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना ही लस द्यायचा प्रकल्प निघाला. पाथ नावाची अमेरिकन संस्था, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि राज्य सरकारं त्यात होती. २३ हजारांच्या आसपास मुलींना लस दिली गेली.

त्यातल्या सात मुली त्या काळात गेल्या. गवगवा झाला. बायकांच्या संघटना खम्ममला जाऊन आल्या, आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने काम थांबवलं. चौकशी समितीने मृत्यूंची कारणं तपासली. कुणी पाण्यात बुडाली होती, कुणाला साप चावला होता, कुणी विषारी औषध घेतलं होतं, कुणाला ताप आला होता. लसीमुळे मृत्यू झाल्याचं आढळलं नाही.

पण दुसरी एक गोष्ट उघड झाली. आदिवासी मुली आश्रमशाळेत, वसतिगृहात राहत होत्या. त्यांच्या आईबापांना न विचारता कित्येक संमतीपत्रांवर वॉर्डनने किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. आईला माहीतच नाही, की आपल्या मुलीला कसली सुई टोचली. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने यावर कडक ताशेरे ओढले.

म्हणजे लस चांगली होती आणि विचारण्याची पद्धत वाईट होती. न विचारल्याची किंमत पुढे सगळ्यांनीच मोजली. कारण लोकांचा विश्वास गेला आणि देशभर मुलींना लस देण्याचा विचार कित्येक वर्षं मागे पडला. त्या वर्षांत लसीच्या वयात असलेल्या मुली आज विशी-तिशीत आहेत. आपल्या गटातल्या तरुण सुना त्याच वयाच्या आहेत.

याच गोंधळात आणखी एक अभ्यास अडकला. बार्शी, पुणे आणि देशातल्या इतर ठिकाणी दहा ते अठरा वर्षांच्या मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहायचं काम चालू होतं. २०१० मध्ये सगळं थांबलं, तेव्हा सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळालेला होता. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही. पुढची नऊ-दहा वर्षं त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवलं. २०२१ मध्ये निकाल आला. १६ आणि १८ नंबरच्या विषाणूंची टिकून राहणारी लागण अडवण्यात एक डोस ९५ टक्के उपयोगी पडला होता, आणि तीन डोस ९३ टक्के. म्हणजे एक डोसही तितकाच कामाचा. याच्याच जोडीला केनियातल्या तरुण मुलींच्या अभ्यासातही तेच दिसलं. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की ९ ते २० वयाच्या मुलींसाठी एक डोसही चालेल. गरीब देशांचा खर्च त्यामुळे केवढा कमी झाला! आपल्या बार्शीच्या मुलींनी जगाला दिलेली ही दुसरी भेट.

भीती विकणारे आणि इलाज करणारे

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कित्येकींची तिशीही उलटली नव्हती. अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला 'कॅन्सर होईल' अशी भीती घातली आणि पिशवी काढून टाकली, असं अनेकींनी सांगितलं.

ज्या कॅन्सरच्या नावाने या पिशव्या गेल्या, त्याला अडवायला पिशवी काढावी लागत नाही. लहानपणी लस आणि तिशीनंतर तपासणी, एवढ्याने तो अडतो. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक वेळा ते गोळ्यांनी बरं होतं. कुणी घाईघाईने पिशवी काढायला सांगितलं, तर आधी तपासणीचा कागद मागा आणि सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. आपल्या देशात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत दोघींचीसुद्धा ही तपासणी झालेली नाही, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. तपासणी होत नाही, म्हणून भीती विकली जाते.

आता आपण काय करायचं

२०१८ मध्ये सिक्कीम राज्याने ९ ते १४ वयाच्या मुलींना लस दिली. आधी आईबापांना आणि शिक्षकांना सगळं समजावून सांगितलं, आणि शंभरातल्या पंच्याण्णवहून जास्त मुलींनी लस घेतली. २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' लसीला सरकारची परवानगी मिळाली आणि २०२३ च्या जानेवारीत ती बाजारात आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ध्येय ठेवलं आहे. शंभरातल्या नव्वद मुलींना पंधरा वर्षांच्या आत लस, सत्तर बायकांची ३५ व्या आणि ४५ व्या वर्षी तपासणी, आणि आजार निघालेल्या नव्वद जणींवर उपचार.

आता थोडक्यात कामाचं ऐका.

लस घ्यायचं उत्तम वय ९ ते १४. लागण व्हायच्या आत, म्हणजे लग्नाच्या कितीतरी आधी. त्यापुढेही २६ वर्षांपर्यंत घेता येते, फक्त उपयोग कमी होत जातो आणि डोस किती ते डॉक्टर सांगतात. गरोदरपणी घेऊ नये. टोचल्यावर दंड दुखतो, थोडी कणकण येते. काही मुलींना सुई पाहूनच चक्कर येते, म्हणून टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवायचं आणि मुलीला उपाशी पाठवायचं नाही. सरकारी मोहिमेत सध्या कोणत्या वयाच्या मुलींना मोफत मिळते, ते आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

लस हा झालेल्या आजारावरचा इलाज नाही. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच, कारण लस सगळ्या प्रकारांना अडवत नाही. आपल्यापैकी ज्या तीस ते पासष्टच्या मधल्या आहेत, त्यांच्यासाठी आरोग्य केंद्रात व्हिनेगर लावून पाहायची तपासणी असते. पाच मिनिटांचं काम आहे. एकटीला संकोच वाटतो, म्हणून गटाने मिळून एक दिवस ठरवा आणि दहाजणी एकदम जा.

आणि गटांसाठी माझी दोन कामं आहेत. पहिलं, आपल्या गावातल्या ९ ते १४ वयाच्या सगळ्या मुलींची यादी करा. शाळेच्या पटावरच्या मुली आरोग्यवाल्यांना सापडतात. शाळा सुटलेली, घरी भावंडं सांभाळणारी, दिवाळीनंतर आईबापांसोबत उसाच्या फडात जाणारी मुलगी सापडत नाही. तिचंच लग्न लवकर होतं आणि धोकाही तिलाच जास्त. टोळी गावाबाहेर पडायच्या आत तिला लस मिळाली पाहिजे. ती यादी ग्रामसंघाच्या बैठकीत आशाताईच्या हाती द्या.

दुसरं, संमतीचा कागद. तो बैठकीत मोठ्याने वाचून घ्या. कोणती लस, किती डोस, काय त्रास होऊ शकतो, त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, हे सगळं विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा. मग सही किंवा अंगठा आईबापांनीच करायचा. मुलगी आश्रमशाळेत असेल तर आपल्याला कळवल्याशिवाय काही होणार नाही, हे आधीच शाळेत जाऊन सांगून या. आणि मुलीलाही समजेल अशा शब्दांत सांगा, शेवटी टोचायचं तिच्या दंडाला आहे.

हेन्रिएटाला कुणी विचारलं नाही. खम्ममच्या आयांना विचारलं नाही. आपल्याला विचारलं जातंय, तर नीट ऐकून, विचार करून उत्तर देऊ. माझं उत्तर विचाराल तर मी हो म्हणते.

पुढच्या भागात आपण व्हिनेगरची तपासणी कशी होते ते आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून ऐकू. तुमचे प्रश्न गटाच्या वहीत लिहून पाठवा. नमस्कार.